रविवारची दुकाने : सोय कोणाची, विसावा कोणाचा?

मद्यविक्रीची ठिकाणे वगळता राज्यातील दुकाने व अन्य आस्थापना दिवसाचे चोवीस तास उघड्या ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही, असा खुलासा महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केला. वास्तविक ही मुभा २०१७ च्या कायद्यानेच मिळालेली होती. परंतु पोलीस व स्थानिक यंत्रणा दुकाने बंद करावयास लावतात अशा तक्रारी आल्यामुळे शासनाला तिचा पुनरुच्चार करावा लागला. अशा निर्णयांची चर्चा सहसा रात्रीच्या व्यापाराभोवती फिरते. पण रात्री दोन वाजता खरेदीस निघणारे लोक मूठभरच असतात. त्याहून कितीतरी अधिक लोकांच्या जीवनाला स्पर्श करणारा प्रश्न रविवारचा आहे. आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिल्यावर त्या दुकानातील माणसाच्या रविवारचे काय होते, याचा विचार मात्र ग्राहकाच्या सोयीच्या आणि व्यापाराच्या वाढीच्या गोष्टींत बाजूलाच राहतो.

सुट्टीचा वार, बाजाराचाही वार

रविवार हा आपल्याकडे मूळचा सुट्टीचा वार नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. इसवी सन ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने न्यायाधीश, नगरवासी व कारागीर यांना रविवारी विश्रांती घेण्याची आज्ञा केली आणि शेतकऱ्यांना मात्र त्यातून सूट दिली; युरोपातील रविवार-कायद्यांची परंपरा तेथपर्यंत मागे नेता येते. महाराष्ट्रात आठवड्याचे वार ओळखले गेले ते बाजारावरून. पुण्यातील पेठांची नावे आजही त्याची साक्ष देतात. अनेक गावांचा आठवडे बाजार आजही रविवारीच भरतो. त्यामुळे रविवारी दुकान बंद ठेवणे हा आपला प्राचीन धर्म आहे असा आव कोणी आणू नये.

तथापि रविवारची सुट्टी ही इंग्रजांनी दिलेली देणगी आहे, हा समजही तितकाच अपुरा आहे. सरकारी कचेऱ्यांना ती राज्यकर्त्यांच्या धर्मामुळे लाभली. गिरणी कामगारांना मात्र ती झगडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती या मागण्या ठळक होत्या. रविवार हा खंडोबाचा वार, ही बहुजन समाजाची श्रद्धाही या मागणीच्या संदर्भात आवर्जून सांगितली जाते. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. यंत्र थांबले तरच माणूस थांबू शकतो, हे त्या पिढीने ओळखले होते.

दुकानातील नोकराला यासाठी आणखी जवळजवळ अर्धे शतक थांबावे लागले. मुंबई इलाख्याने १९३९ मध्ये दुकाने व आस्थापनांसंबंधी कायदा केला. तो या प्रकारचा देशातील पहिला कायदा होता. त्याची जागा १९४८ च्या कायद्याने घेतली. व्यापारी पेठांत 'गुमास्ता कायदा' या नावाने तो ओळखला गेला. दुकान उघडण्याच्या व बंद करण्याच्या वेळा त्यात ठरलेल्या होत्या आणि प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याचे बंधन होते. हा दिवस सर्वत्र रविवारच असावा असा मात्र आग्रह नव्हता. कोठे रविवार, कोठे सोमवार, कोठे गुरुवार अशी बाजारपेठेगणिक वहिवाट पडली. ग्राहकाला आपल्या गावातील बंदचा वार ठाऊक असे आणि तो त्याप्रमाणे आपली कामे लावून घेई.

बंद दार हीच पावती

२०१७ च्या कायद्याने या व्यवस्थेचे मूळ सूत्रच बदलले. १९४८ चा कायदा दुकानाला सुट्टी देत होता. नवा कायदा कामगाराला सुट्टी देतो. दुकान सातही दिवस उघडे राहू शकते. मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती मिळाली पाहिजे, अशी त्याची योजना आहे. आठवड्याचे काम ४८ तासांहून अधिक नसावे आणि जादा कामाला दुप्पट वेतन द्यावे, याही तरतुदी त्यात आहेत. तत्त्वतः यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. रुग्णालये, रेल्वे आणि वृत्तपत्रे याच पद्धतीने पाळीपाळीने सुट्टी देत आली आहेत.

अडचण आहे ती अंमलबजावणीची. दुकान बंद असणे ही गोष्ट रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसत होती. त्यासाठी हजेरीपट तपासावा लागत नव्हता, नोकराची साक्ष काढावी लागत नव्हती. उतरलेले शटर हीच सुट्टी दिल्याची पावती होती आणि शेजारचा दुकानदार हाच सर्वांत जागरूक निरीक्षक होता. आता सुट्टी ही कागदावरील नोंद झाली आहे. ती खरोखर दिली गेली की नाही हे मालक आणि नोकर या दोघांनाच ठाऊक असते, आणि त्या दोघांपैकी एकाची बोलण्याची प्राज्ञा नसते. शिवाय जुन्या 'निरीक्षका'च्या जागी मालकाला कायदापालनात साहाय्य करणारा अधिकारी, अशी नव्या कायद्याची भाषा आहे. तपासणी कमी आणि विश्वास अधिक, असे हे धोरण आहे. विश्वास ठेवण्यास हरकत नाही. परंतु ज्याच्या बाजूने तो ठेवला जातो त्याच्याच हाती हजेरीपट असावा, ही गोष्ट चिंतेची आहे.

याहून गंभीर बाब पुढेच आहे. २०१७ चा कायदा संमत झाला तेव्हा त्यातील कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी इत्यादी तरतुदी १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू करण्यात आल्या. त्याहून लहान दुकानांवर आपल्या व्यवसायाची माहिती कळविण्यापुरते बंधन राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० कामगारांपर्यंत नेण्यास आणि दैनिक कामाचे तास ९ वरून १० करण्यास मान्यता दिली. आपल्या बाजारपेठांचे स्वरूप लक्षात घेतले तर याचा अर्थ काय होतो? कापडाचे, भांड्यांचे, किराण्याचे किंवा वह्यापुस्तकांचे सर्वसाधारण दुकान दोन-चार नोकरांवर चालते. जुन्या कायद्यात दुकान बंद राहत असल्याने या दोन-चार जणांना सुट्टी आपोआप मिळत होती. दुकानावरील बंधन उठले आणि कामगाराला दिलेला हक्क या लहान दुकानापर्यंत पोचलाच नाही. अशा रीतीने सर्वांत दुबळ्या नोकराची सुट्टी दोन कायद्यांच्या फटीत पडली.

गल्ल्याचे गणित

सातही दिवस दुकाने उघडी राहिली की व्यापार वाढतो, असे सांगितले जाते. हे विधान तपासून घेतले पाहिजे. समजा, एखाद्या पेठेत कापडाची दहा दुकाने आहेत आणि ती सर्व रविवारी बंद असतात. त्यांपैकी एकाने रविवारी दार उघडले तर त्याचा गल्ला निश्चित वाढेल; पण ती वाढ बव्हंशी उरलेल्या नऊ जणांच्या सोमवारच्या विक्रीतून आलेली असेल. हे ध्यानात येताच ते नऊ जणही रविवारी उघडतील. दहाही दुकाने उघडी झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला पूर्वीइतकेच गिऱ्हाईक येईल, कारण रविवारी दुकान उघडे आहे म्हणून कारकुनाचा पगार वाढत नाही आणि मुलांच्या गणवेशाची संख्याही वाढत नाही. जी विक्री सहा दिवसांत होत होती ती सात दिवसांत पसरेल. विजेचे बिल आणि राबणुकीचे तास मात्र वाढतील. यानंतर एकट्याने पुन्हा बंद करणे कोणालाच परवडणार नाही. प्रत्येकाने शहाणपणाने घेतलेल्या निर्णयातून सर्वांच्या तोट्याची स्थिती निर्माण होते, ती अशी.

हे गणित सर्वच व्यवसायांना लागू पडत नाही, हेही नमूद केले पाहिजे. खानावळी, करमणूक, पर्यटनस्थळांवरील दुकाने यांची रविवारची विक्री ही खरोखरच नवी विक्री असते. महाबळेश्वरला आलेला प्रवासी सोमवारी पुन्हा येणार नसतो. मोठ्या दुकानांत वाढीव वेळेसाठी नवी पाळी नेमली गेली तर काही रोजगारही निर्माण होतो, आणि शिकता शिकता कमावणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा आधार मिळतो. परंतु जेथे नवी पाळी नेमण्याची ऐपतच नाही, तेथे जुन्याच नोकराचा दिवस लांबतो. थोडक्यात, रविवारची मुभा मोठ्या दुकानाला संधी म्हणून मिळते आणि लहान दुकानाला सक्ती म्हणून भोगावी लागते.

सर्वांसाठी समान बंदचा दिवस ठरविणारा कायदा म्हणजे व्यापारस्वातंत्र्यावर घाला, असाही आक्षेप घेतला जातो. पण असा कायदा हा व्यापाऱ्यांमधील एक प्रकारचा तहच असतो. पंजाबातील एका दुकानदाराने आपण दुकानात नोकर ठेवत नाही, घरचीच माणसे राबतात, म्हणून बंदच्या दिवसाचे बंधन आपल्याला लागू करू नये, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. साठाहून अधिक वर्षांपूर्वी न्यायालयाने तो अमान्य केला आणि हे बंधन वाजवी ठरविले. दुकानदाराच्या स्वतःच्या व कुटुंबीयांच्या आरोग्याचा आणि विश्रांतीचा विचार करण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

परदेशांचा अनुभव

इतर देशांनी या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी शोधली आहेत. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने रविवारच्या व्यापारावरील बंधने उठविण्याचे विधेयक आणले, तेव्हा एप्रिल १९८६ मध्ये ते १४ मतांनी फेटाळले गेले. सरकारपाशी भरभक्कम बहुमत असताना हा पराभव झाला; कारण धर्मनिष्ठ हुजूर सदस्य आणि कामगारांचे कैवारी या प्रश्नावर एकत्र आले. पुढे १९९४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्ससाठी मधला मार्ग काढला. २८० चौरस मीटरपर्यंतच्या लहान दुकानांना मोकळीक मिळाली. त्याहून मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी दहा ते सायंकाळी सहा या वेळात सलग सहा तासच व्यापाराची परवानगी मिळाली. दुकानातील कर्मचाऱ्याला रविवारी काम नाकारण्याचा हक्कही देण्यात आला. २०१६ मध्ये हे बंधन सैल करण्याचा प्रयत्न झाला, तोही पार्लमेंटने ३१७ विरुद्ध २८६ मतांनी हाणून पाडला.

जर्मनीत रविवारच्या विश्रांतीला खुद्द राज्यघटनेचे संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतील हे कलम १९४९ च्या मूलभूत कायद्यात जसेच्या तसे ठेवण्यात आले. नाताळपूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडण्यास मुभा देणारी बर्लिनची तरतूद तेथील घटना न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरविली. पोलंडने तर २०१८ पासून उलट दिशेने पाऊल टाकले. 'सॉलिडॅरिटी' या कामगार संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या कायद्यानुसार मोजके रविवार सोडता दुकाने बंद असतात. मालकाला मात्र स्वतः गल्ल्यावर उभे राहून व्यवसाय करता येतो. तेथे टपाल सेवेला सूट होती, म्हणून काही साखळी दुकानांनी पार्सले देण्याघेण्याची सोय ठेवून आपण टपाल केंद्र आहोत असा पवित्रा घेतला आणि २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. सवलतीची व्याख्या सैल असेल तर कायद्याचे काय होते, याचा हा चांगला धडा आहे.

या देशांचे अनुकरण करावे असे नाही. परंतु संपूर्ण बंदी आणि संपूर्ण मोकळीक यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे आणि प्रगत औद्योगिक देशांनी ती जाणीवपूर्वक वापरली आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

एकत्र सुट्टीचे मोल

पाळीपाळीने सुट्टी मिळत असेल तर रविवारचाच आग्रह कशासाठी, हा प्रश्न येथे रास्त आहे. त्याचे उत्तर विश्रांतीच्या स्वरूपात आहे. झोप एकट्याने घेता येते. परंतु मुलांना भेटणे, लग्नकार्यास जाणे, आजारी आप्ताची विचारपूस करणे, मंडळाच्या किंवा संघटनेच्या बैठकीस बसणे या गोष्टी इतरांनाही त्याच दिवशी सवड असेल तरच घडतात. शाळा रविवारी बंद असते. ज्या विक्रेतीला मंगळवारी सुट्टी मिळते, तिची मुले त्या दिवशी शाळेत असतात आणि रविवारी मुले घरी असताना ती दुकानात उभी असते. तिला चोवीस तासांची विश्रांती मिळाली, असे कायदा म्हणेल. पण घरची माणसे मिळाली नाहीत. आपल्या राज्यघटनेच्या ४३ व्या कलमाने कामगाराला अवकाशाचा पूर्ण उपभोग आणि सामाजिक व सांस्कृतिक संधी मिळवून देण्याचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले आहे. केवळ चोवीस तास मोजून हे उद्दिष्ट साध्य होत नाही. उद्योगांतील साप्ताहिक विश्रांतीचा १९२१ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९२३ मध्येच स्वीकारला. व्यापार व कचेऱ्यांसाठी असलेला १९५७ चा तसाच करार मात्र अद्याप स्वीकारलेला नाही, ही गोष्टही बोलकी आहे.

याच्या विरुद्ध बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. शिक्षक, कारकून, खाजगी कंपनीतील नोकर यांना खरेदीला मिळतो तो रविवारच. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना १९८५ पासून आणि राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लाभला; त्या कर्मचाऱ्यांना शनिवार मोकळा असतो. बहुसंख्य नोकरदारांना तो नसतो. पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असतील तर रविवारी बाजार बंद ठेवणे म्हणजे त्यांना शिक्षाच होईल. सर्वांचा पवित्र वार रविवारच आहे असेही नाही. म्हणून रविवारी सर्व दुकाने बंद असावीत, ही मागणी महाराष्ट्राच्या परिस्थितीत न्याय्यही नाही आणि व्यवहार्यही नाही.

मधला मार्ग

रविवारच्या वेळेवर मर्यादा घालणे मात्र न्याय्यही आहे आणि व्यवहार्यही. औषधे, दूध, भाजीपाला, खानावळी, प्रवासाशी संबंधित सेवा आणि पर्यटनस्थळे यांना सूट असावी. ज्या दुकानात केवळ मालक व त्याचे कुटुंब काम करते त्यालाही असावी. नोकर ठेवणाऱ्या उर्वरित दुकानांनी रविवारी सलग सहा तासच व्यवहार करावा. हे सहा तास सकाळचे की सायंकाळचे, ते त्या त्या बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी आणि स्थानिक संस्थेने मिळून ठरवावे. गणेशोत्सव, दिवाळी किंवा गावच्या जत्रेपूर्वीचे काही रविवार मोकळे ठेवता येतील. ठरल्या वेळी उतरलेले शटर पुन्हा सर्वांना दिसेल आणि नियमपालनाचा पुरावा हजेरीपटातून रस्त्यावर येईल.

याला दोन गोष्टींची जोड हवी. साप्ताहिक सुट्टीचा हक्क नोकरांच्या संख्येवर अवलंबून नसावा; एका नोकराच्या दुकानातही तो असावा. आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला महिन्यातून निदान एक पूर्ण रविवार मिळावा व कोणाचा रविवार कोणता, याचा फलक दुकानाच्या दर्शनी भागात लावावा.

घरपोच माल पुरविणाऱ्या कंपन्या अहोरात्र व्यवसाय करीत असताना दुकानदारालाच का बांधता, असा प्रतिप्रश्न येईल आणि तो योग्य आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कंपन्यांसाठी फिरणाऱ्या कामगारांची व्याख्या केली. सुट्टीचा हक्क मात्र त्यांना दिला नाही. दुकानाला लागू होणारी रविवारची मर्यादा या कंपन्यांच्या गोदामांनाही लागू झाली पाहिजे. अन्यथा दुकानातील विक्रेता घरी जाईल आणि त्याच्या जागी दुचाकीवरचा तरुण धावेल.

यात ग्राहकाची थोडी गैरसोय होईल, हे लपविण्याचे कारण नाही. पुण्यातील दुकानदारांच्या दुपारच्या विश्रांतीची थट्टा कित्येक वर्षे होत आली आहे. पण पुणेकराने आपली खरेदी चारनंतर करण्याची सवय लावून घेतली, आणि त्यामुळे पुण्याचा व्यापार बुडाला असे कोणी म्हणणार नाही. रविवारी सायंकाळी साडेसात वाजता शर्ट विकत घेता आला नाही, तर तो शनिवारी किंवा रविवारी सकाळी घेता येतो. ज्या नोकरदार वर्गाला आपली रविवारची सुट्टी हा निर्विवाद हक्क वाटतो, त्याच वर्गाच्या सोयीसाठी दुसऱ्याचा रविवार खर्ची पडतो आहे. मुंबईच्या गिरण्यांतून जी सुट्टी १८९० मध्ये मिळाली ती दुकानाच्या फळीमागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचविण्यासाठी आठवड्यातील काही तासांची सोय सोडण्यास हा वर्ग तयार आहे काय, हे त्यानेच सांगावयाचे आहे.